एका पाण्याचं कर्ज

नागभीड सोडून सिंदेवाहीच्या दिशेने निघालं की थोडं जंगल, मग तलावाची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, पुन्हा जंगल, असा क्रम लागतो. पावसाळा सरताना हा सगळा मुलूख इतका हिरवा असतो, की दुष्काळाविषयी विचारायला आलो आहोत हे सांगताना जीभ अडखळते. चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून अधिक. सोलापूर-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला या आकड्यांचा हेवाच वाटेल.

तरीही इथे धान वाळतं, आणि धान वाळलं की घर कर्जात जातं. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'ऋण' हा विषय दिला, तेव्हा मराठवाड्याकडे न जाता पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत यायचं ठरवलं ते त्यामुळेच. दुष्काळात सरकार शेतकऱ्याला, म्हणजे पाणी वापरणाऱ्याला, कर्जाचा हात देतं. तो हात इथे नेमका कधी पोचतो आणि कुणापर्यंत पोचतो, हे पाहायचं होतं.

हस्ताचा पाऊस

धानाला पाऊस किती पडला यापेक्षा केव्हा पडला याला महत्त्व असतं. मृगात पऱ्हे (रोपं) टाकायचे, आषाढात बांधीत पाणी साचलं की चिखल करून रोवणी करायची. श्रावणात पाऊस चार-आठ दिवस दडी मारून बसला तरी बांधीतला ओलावा पीक तगवून नेतो. खरी परीक्षा असते ती निसवण्याच्या वेळी. हलकं धान लवकर निसवतं आणि सुटतं. भारी धान मात्र सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये गर्भात येतं, आणि नेमक्या त्या दिवसांत मुळाशी पाणी हवं असतं. हस्त नक्षत्राचा पाऊस आला तर लोंबी भरते. तो आला नाही तर बाहेरून हिरवी दिसणारी लोंबी आतून पोचट राहते. जून ते सप्टेंबर धो धो कोसळलेला पाऊस तोवर वैनगंगेतून गोदावरीला आणि गोदावरीतून समुद्राला मिळालेला असतो.

या पट्ट्यातला दुष्काळ असा दहा-पंधरा दिवसांचा असतो. पावसाच्या वार्षिक सरासरीत तो दिसत नाही. एका तलावाखाली पाटाच्या तोंडाजवळच्या बांध्या भरलेल्या आणि शेवटच्या बांध्यांना भेगा पडलेल्या, असं चित्र मी पाहिलं. मधलं अंतर हाक ऐकू जाईल एवढंच होतं. शेपटाकडच्या बांधीच्या धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने लोंबी दोन बोटांत दाबून दाखवली. "एक पानी भेटलं असतं तं वाचला असता, भाऊ," एवढंच तो म्हणाला. नंतर गावोगाव हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येत राहिलं. इथे कुणी कोटींच्या योजनेची भाषा करत नाही. मागणी असते ती एका पाण्याची.

ते एक पाणी द्यायचं तर काय लागतं? तलावात किंवा नाल्याच्या डोहात थोडं पाणी शिल्लक असेल तर तासाच्या भाड्याने डिझेल इंजिन, पाइप, डिझेलचे पैसे आणि रात्रभर जागणारी दोन माणसं. रक्कम मोठी नसते, पण ती आजच्या आज हवी असते. त्या आठवड्यात शेतकऱ्याच्या हातात काहीही नसतं, कारण रोवणीच्या मजुरीत पीककर्ज कधीच संपलेलं असतं. मग तो कृषी केंद्राच्या दुकानदाराकडे जातो, धान घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जातो, नातेवाइकाकडे जातो. व्यापारी देतो, पण पीक निघाल्यावर धान त्यालाच घालायच्या बोलीवर.

सरकारी कर्जाची व्यवस्था पेरणीच्या आधी दारात असते आणि पीक मेल्यानंतर पुन्हा दारात येते. मधल्या या आठ-दहा दिवसांत ती कुठेही नसते. माझ्या मते या विषयाचं मर्म तिथे आहे.

बँकेचं पंचांग

हे असं का होतं ते समजून घ्यायला पीककर्जाचं चक्र पाहावं लागतं. गावातल्या सेवा सहकारी सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं किंवा थेट राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज उन्हाळ्याच्या शेवटी मिळतं. पिकानुसार एकरी दर ठरलेला असतो. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा काढताना त्या रकमेवर १० टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी, आणि २० टक्के शेतीच्या साधनांच्या दुरुस्तीसाठी वाढवून धरतात. व्याजाच्या बाबतीत राज्याची सवलत चांगली आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. खरिपाच्या कर्जासाठी वेळेत म्हणजे ३१ मार्चपर्यंत.

धान बुडालेल्या शेतकऱ्याचा मार्च कसा जातो, ते एका सोसायटीच्या ओट्यावर बसलं की कळतं. ज्याला जमेल तो 'नवं-जुनं' करतो. म्हणजे चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने पैसे घ्यायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की उसने परत करायचे. कागदावर तो नियमित कर्जदार राहतो आणि शून्य टक्क्याचा लाभार्थीही ठरतो. त्या आठ दिवसांच्या उसन्यांवर त्याने किती मोजले, हे कुठल्याही खातेवहीत येत नाही.

ज्याला तेही जमत नाही त्याच्यासाठी पुनर्गठन आहे. दुष्काळ रीतसर ठरला की अल्पमुदतीच्या पीककर्जाचं मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर करता येतं. गेली काही वर्षं लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नुकसान ३३ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर परतफेडीला दोन वर्षांपर्यंत मुदत, ५० टक्के किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत, आणि दोन्हींत पहिलं वर्ष वसुली नाही. शेतकऱ्याला श्वास घेण्याएवढी उसंत मिळते, हे खरं आहे. पण अट अशी, की आपत्ती आली त्या वेळी खातं थकलेलं नसावं. ज्याचं मागच्याच वर्षी बुडालं होतं, ज्याला यंदा सगळ्यांत जास्त गरज आहे, तो या दारातून परत जातो.

आणि दुष्काळ 'रीतसर ठरणं' ही आणखी एक वाट आहे. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं याचा अंदाज, निघते. हंगामी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला, अंतिम ३१ डिसेंबरला. ५० पैशांच्या खाली गेली तर टंचाईसदृश परिस्थिती. तालुक्याचा दुष्काळ मात्र आता केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे, राज्याच्या ७ ऑक्टोबर २०१७च्या शासन निर्णयाने ठरतो. पावसाची तूट आणि खंड, पिकांची हिरवाई, मातीतला ओलावा, जलसाठे असे निर्देशांक आधी पाहायचे, मग निवडक गावांत पिकाची प्रत्यक्ष पाहणी. ही पद्धत अंदाजपंचे पद्धतीपेक्षा कितीतरी चांगली आहे, यात मला शंका नाही. पण तिचं माप तालुका आहे. तलावाच्या मुलखात दुष्काळाचं माप पाट असतो. एका तलावाचा सांडवा वाहतो आणि दोन कोसांवरचा दुसरा तलाव फुटका असतो. तालुक्याच्या सरासरीत दोघे मिळून 'ठीक' ठरतात.

वेळेचंही तसंच. २०१८मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. हस्त आणि चित्रा ही दोन्ही नक्षत्रं तोवर उलटली होती. जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलती ठरलेल्या आहेत: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, पिण्याच्या पाण्याचे टँकर आणि पंपाची वीज न तोडणं. यातली प्रत्येक सवलत हवीच आहे. पण पीक मेल्यानंतरच्या दुःखावर ती आहे. कर्जमाफीचंही तेच. २०१७ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ची दोन लाखांपर्यंतची, या दोन्ही योजनांनी इथल्या अनेक घरांची गळ्यापाशी आलेली दोरी सैल केली. तलावात मात्र त्यांच्यामुळे एक घागर पाणी वाढलं नाही.

तुकूम, मालगुजार आणि तगाई

या मुलखाने पाण्यासाठी पैसा उभा करण्याची दुसरी रीत पूर्वी पाहिलेली आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी जंगल तोडून जो तलाव बांधील, त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन मिळे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या नावांमागे आजही 'तुकूम' लागतं, ते अशा जमिनींच्या आठवणीने. राजाने रोख काही दिलं नाही. पाणी आधी दाखव, जमीन नंतर घे, असा व्यवहार होता. कोहळी समाजाने या व्यवहारात जे कौशल्य दाखवलं ते आजच्या अभियंत्यांनीही नावाजावं असं आहे. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ, अतिरिक्त पाणी जाण्यासाठी सांडवा, पाणी सोडण्यासाठी तुडुम, एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात, आणि पाणी कुणाच्या बांधीत कधी जाईल हे पाहणारा पाणकर.

इंग्रजी अमलात मध्य प्रांतात मालगुजारी आली, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्याला गावाची मालकी. तलाव मालगुजाराचे झाले, गावाचे त्यावरचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या दप्तरात लिहिले गेले. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दोन कायदे झाले, १८८३चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४चा शेतकरी कर्ज कायदा. आजोबांच्या तोंडी 'तगाई' म्हणून जो शब्द असायचा तो या दोन कायद्यांखालच्या कर्जाचा. पहिला विहीर, तलाव, बांध अशा कायमच्या कामासाठी, दुसरा बी-बियाणं आणि बैल यांच्यासाठी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत उद्ध्वस्त केला. छप्पनचा दुष्काळ म्हणून दुसरा अजून सांगितला जातो. त्या भीतीतून पुढे सिंचनाचा विचार वेगाने झाला, १९०१चा सिंचन आयोग बसला आणि सरकारने स्वतः मोठे तलाव हाती घेतले. सावली तालुक्यातला आसोलामेंढा १९१८चा, नागभीडजवळचा घोडाझरी १९२३चा. आज लोक घोडाझरीला सहलीला जातात. तो दुष्काळाच्या धास्तीतून उभा राहिला, हे तिथे उभं राहून आठवलं की त्या भिंतीकडे पाहायची नजर बदलते.

तगाईचे दोष इतिहासात नोंदलेले आहेत. हाताळणी तलाठ्या-तहसीलदारांची, अर्ज ते रक्कम यांत महिने, वसुली महसुलासारखी कडक, आणि फायदा मुख्यतः जमीन असणाऱ्याला. १९५१-५२ सालाच्या पाहणीवर आधारलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिलं, की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सरकारचा वाटा ३.३ टक्के आणि सहकारी संस्थांचा ३.१ टक्के होता. उरलेलं बहुतेक सावकार, व्यापारी आणि आप्तांचं. म्हणून त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण १८८३च्या कायद्यातली एक दृष्टी मोलाची होती: पाण्याच्या कामासाठीचं कर्ज पिकाच्या कर्जापासून वेगळं असावं आणि ते दुष्काळाच्या आधी मिळावं.

पाळ कुणाची?

मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१मध्ये तलाव सरकारजमा झाले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होतं. मात्र दरवर्षी उन्हाळ्यात पाळीवर माती टाकून घेणारा, सांडवा साफ करून घेणारा माणूसही त्याच दिवशी गेला, आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. कागदोपत्री आणि बोलण्यात ते 'मामा तलाव' झाले. शंभर हेक्टरच्या आतले जिल्हा परिषदेकडे आले. तळाशी गाळ, पाळीला भगदाडं, तुडुमाची मोडतोड, तलावाच्या पोटात अतिक्रमण आणि पाणी आणणाऱ्या ओढ्यांवर रस्ते, अशी त्यांतल्या अनेकांची अवस्था आहे.

पाणकर मी एकाच गावात पाहिला, तोही वयाने थकलेला. गावाने त्याला धानाच्या रूपात काही द्यायचं असतं. ते आता सगळे देत नाहीत. त्याचा मुलगा कामासाठी बाहेर गेला आहे.

तलाव दुरुस्त करायला पैसा येतच नाही असं नाही. जलयुक्त शिवारात काही तलाव घेतले गेले, २०१७पासून गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना आली. हा पैसा अनुदानाचा. कुठल्या वर्षी येईल, कुठल्या तलावाला मिळेल, हे गावाच्या हातात नसतं. आता कर्जाकडे पाहा. किसान कार्डातले ते साधनांच्या दुरुस्तीचे २० टक्के शेतकऱ्याच्या स्वतःच्या पंपाला, स्वतःच्या बांधाला लागू पडतात. त्याचं पीक मात्र ज्या साधनावर उभं आहे ते सगळ्या गावाचं आहे, आणि त्यासाठी एक पैसा काढायची सोय नाही. तलावाखाली पन्नास घरं असतील तर पन्नास कर्जखाती असतात. तलाव आटला की पन्नासही एकाच आठवड्यात आजारी पडतात, पण बँकेपुढे प्रत्येक जण एकटा उभा राहतो.

२००५च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन या कायद्याने पाणी वापर संस्थांना कायद्याचं रूप दिलं. पाणी मोजून घ्यायचं, आपापसांत वाटायचं, पट्टी गोळा करायची. चांगली कल्पना आहे आणि जिथे कुणी मनावर घेतलं तिथे ती चालतेही. पण अशी संस्था बँकेत गेली तर तारण काय ठेवणार? पाळ जिल्हा परिषदेची, पाणी राज्याचं, खालची जमीन सभासदांची आणि ती आधीच पीककर्जात गहाण.

अमेरिकेत पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांसाठी १९९१ साली केलेल्या दुष्काळ निवारण कायद्यात पाणी वापरणाऱ्यांनाच कर्ज द्यायची तरतूद आहे, आणि ती कामांसाठी, पाणी वाचवण्यासाठी, पाणी विकत घेऊन वाहून आणण्यासाठी. त्यांची शेती, त्यांचे कालवे, त्यांची श्रीमंती वेगळी. तो नमुना उचलून इथे लावता येणार नाही. पण दुष्काळाचं कर्ज थेट पाण्यासाठी असू शकतं, एवढं तरी त्यावरून दिसतं. आपल्याकडे सरकारने १८८३ साली हे मान्य केलं होतं.

सातबाऱ्याबाहेरची माणसं

कर्जाचं चर्चासत्र शहरात होतं तेव्हा कर्ज किती, व्याज किती, एवढ्यावर ते संपतं. गावात पहिला प्रश्न असतो नाव कुणाचं. धानपट्ट्यात बरीच जमीन ठेक्याने किंवा बटईने केली जाते. खत कसणाऱ्याचं, रोवणीचा खर्च त्याचा, नुकसान त्याचं. पीककर्ज, विमा आणि भरपाई मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. तोंडी व्यवहाराला पुरावा नसतो आणि जमीनमालक पुरावा होऊ देत नाही.

वनहक्काचा पट्टा मिळालेल्या कुटुंबाचं वेगळंच. २००६च्या कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे ती जमीन वारसाने जाते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासींची जमीन हातची जाऊ नये म्हणून ही तरतूद अत्यंत आवश्यक आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. अडचण बँकेच्या काउंटरवर येते, गहाण ठेवता येत नाही म्हणून. खरं तर विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५पासून दोन लाख रुपये झाली आहे आणि दोन-तीन एकरांच्या पट्ट्याला त्याहून जास्त लागतही नाही. गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडच्या एका गावात पट्टेधारक बाईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद दाखवला. तिने त्यावर कर्ज मागितलं नव्हतं. मिळतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घराला आधार आहे तो बचत गटाचा आणि दर आठवड्याला हप्ता वसूल करायला येणाऱ्या खासगी कंपनीचा. आठवड्याचा हप्ता आणि वर्षातून एकदा निघणारं धान यांचा मेळ बसत नाही. तो मजुरीने, मोहाने आणि तेंदूपत्त्याने बसवावा लागतो.

आदिवासी घरांसाठी एक सरकारी कर्ज मात्र खास होतं: खावटी. १९७८पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत पावसाळ्याच्या उपासमारीच्या दिवसांत, घरातलं धान्य संपलं आणि नवं यायचं आहे अशा वेळी, ते काही रोख आणि काही वस्तूंच्या रूपात मिळे. कल्पना गरजेच्या वेळेशी जुळणारी होती, म्हणून मला ती आवडते. पुढे ते रेंगाळलं, थकलं, बंद पडलं. २०२०मध्ये करोनाकाळात ते अनुदान म्हणून परत आलं, प्रत्येक कुटुंबाला चार हजार: दोन हजार खात्यात, दोन हजारांच्या वस्तू.

आणि तलावात मासेमारी करणारा ढिवर. तलावातलं पाणी वापरणारा तोही आहे, पण पाणी वापरणारा म्हणून त्याची मोजणी सहसा होत नाही. मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेते, मत्स्यबीज विकत आणून सोडते. ऑक्टोबरमध्ये धान वाचवायला गावाने तलावात इंजिनं लावली की बोटभर वाढलेली मासळी चिखलात राहते. किसान कार्ड २०१८-१९पासून मच्छीमारांनाही लागू झालं आहे. पण दुष्काळाची पैसेवारी धानाची काढतात, मासळीची नाही. तलावात किमान किती पाणी राखायचं हे धानवाले आणि ढिवर यांनी बसून ठरवलेली गावं आहेत. तिथे भांडणं कमी आहेत, आणि मासळीही राहते.

मेडीगड्ड्याचं पाणी

मोठं कर्ज मोठ्या पाण्यासाठी निघतं. भंडारा जिल्ह्यातल्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. ३७२ कोटींचा अंदाज तेव्हाच जुना होता. आज तो हजारो कोटींत गेला आहे. २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. केंद्राची मदत, नाबार्डकडून उभारलेला निधी, राज्याचा पैसा, सगळं त्यात गेलं. उजवा कालवा जवळपास शंभर किलोमीटर वाहत येऊन आसोलामेंढ्याला मिळतो. शंभर वर्षांपूर्वीचा तलाव नव्या धरणाचा शेवट झाला आहे, आणि सावलीकडे जिथे वितरिका पोचल्या तिथे हस्ताची चिंता खरोखर कमी झाली आहे. हे पाहून आनंद होतो. त्याच वेळी सिंदेवाहीचा हुमन, गडचिरोलीतले तुलतुली आणि कारवाफा हे प्रकल्प जंगलाच्या प्रश्नावर दशकानुदशकं अडलेले आहेत. त्यांची वाट पाहत गावं म्हातारी झाली, आणि तोवर हाताशी असलेल्या मामा तलावांकडे कुणी पाहिलं नाही.

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंच्यात हे आणखी लख्ख दिसतं. गोदावरीवर पलीकडच्या तेलंगणाने आपल्या कोरड्या जिल्ह्यांसाठी कालेश्वरम उपसा सिंचन प्रकल्प उभारला, त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढून पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, आरईसी अशा वित्तसंस्थांकडून आणि बँकांकडून अवाढव्य कर्ज घेतलं. त्यातल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झालं. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे खांब खचले. मधल्या वर्षांत सिरोंच्याच्या काठावरच्या शेतांत फुगवट्याचं पाणी शिरलं, जमिनी खरवडल्या गेल्या, भरपाईसाठी शेतकऱ्यांनी आंदोलनं केली. दुष्काळ निवारणासाठी काढलेल्या कर्जाचा हा भाग गडचिरोलीच्या वाट्याला असा आला. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला एका तलावाची पाळ धड करायला लागणारी रक्कम. दोन्हींची तुलना केल्यावाचून राहवत नाही.

जागतिक बँकेच्या कर्जावरचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प पहिल्या टप्प्यात मुख्यतः मराठवाडा, पश्चिम विदर्भ, वर्धा आणि जळगाव इथे होता. दुसऱ्या टप्प्यात चंद्रपूर आणि गडचिरोलीही आले आहेत. तिथे शेततळं आणि ठिबक यांच्याबरोबर बोडी (शेतातलं छोटं तळं), मजगी (उतारावर पाडलेल्या बांध्या) आणि मामा तलाव यांना जागा मिळाली, तरच तो या मातीचा होईल.

मेंढ्याचा ग्रामकोष

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाविषयी खूप लिहिलं गेलं आहे. २००९मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क, २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती, २०१३मध्ये जमीन गावाच्या नावे करणारं ग्रामदान. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाबरोबर घालवलेली वर्षं त्यामागे आहेत. माझं लक्ष होतं ते पैशाकडे. मेंढ्यात मजुरीतला ठरावीक वाटा ग्रामकोषात जातो. १९६४च्या ग्रामदान कायद्यामागच्या विनोबांच्या कल्पनेतही उत्पन्नाचा चाळिसावा भाग गावाला द्यायचा असतो. त्यात बांबूची भर पडली. त्यातून गावाने माती-पाण्याची कामं केली आणि अडलेल्या घराला उसनेही दिले.

ग्रामदानात जमीन गहाण पडत नाही. बँकेच्या दृष्टीने ते गाव कर्जाला नालायक ठरायला हवं. पण जिथे गावाचा स्वतःचा कोष आहे तिथे ऑक्टोबरातल्या एका पाण्याचा निर्णय त्याच आठवड्यात, सभेत बसून होऊ शकतो. कुणाची बांधी शेपटाला आहे, कोण ठेक्याने करतो, कुणाचं खातं थकलेलं आहे, हे सभेला विचारावं लागत नाही. ते तिला माहीत असतं.

सगळ्या गावांकडे बांबू नाही. नागभीड-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात तर फारच थोड्यांकडे. म्हणून तिथे सरकारी पैशाने असा कोष उभा राहावा असं मला वाटतं. पाणी वापर संस्थेला किंवा ग्रामसभेला, तलावाच्या नावाने, बिनव्याजी, लांब मुदतीचं कर्ज. त्याचा मोठा भाग पाळ, सांडवा आणि गाळासाठी; थोडा भाग हस्तात इंजिन आणि डिझेलसाठी हाताशी ठेवलेला. परतफेड पाणीपट्टीतून, मासळीच्या ठेक्यातून, आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी हप्ता आपोआप पुढे. मुद्दल वसूल झालं नाही तरी मी त्याला नुकसान म्हणणार नाही. दोन कर्जमाफ्यांत सरकारने हे पैसे सोडलेच होते, आणि हातात तलाव उरला नव्हता.

सोसायटीच्या ओट्यावर हे बोललो तेव्हा एका सभासदाने वेळेचा मुद्दा काढला. कर्ज द्यायचं असेल तर पौषात द्या, बाप्पा, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा हिशेब बरोबर आहे. अंतिम पैसेवारी डिसेंबरच्या शेवटी लागते. फेब्रुवारीपर्यंत तलावाच्या पोटात ओल असते, यंत्र रुततं, कुठे कुठे गाळपेर उभी असते. गाळ काढायला आणि पाळीवर माती चढवायला होळी ते रोहिणी एवढेच दिवस मिळतात, मृगाचा पहिला पाऊस पडला की काम बंद. आणि पीककर्ज भरायची शेवटची तारीख, ३१ मार्च, याच दिवसांत येते.